मुसोलिनीने उपसलेलं सरोवर

रोमच्या दक्षिणेला साधारण 30 किलोमीटरवर, जुन्या ज्वालामुखीच्या विवरात नेमी सरोवर आहे. त्याच्या तळाशी सम्राट कॅलिगुलाची दोन अवाढव्य जहाजं एकोणीसशे वर्षं गाळात रुतून होती. 1446 मध्ये इटालियन वास्तुविशारद आल्बेर्तीने दोरखंड लावून ओढून पाहिलं, पण हाती लागले थोडे तुकडे.

मुसोलिनीला रोमन साम्राज्य पुन्हा उभं करायचं होतं. त्यासाठी दाखवायला वारसा हवा. जहाज वर येत नाही? मग सरोवरच उपसा! ऑक्टोबर 1928 मध्ये पंप सुरू झाले आणि प्राचीन काळी डोंगर पोखरून काढलेल्या भुयारातून पाणी बाहेर सोडलं. पुढच्या मार्चमध्ये पहिलं जहाज उघडं पडलं. लांबी सुमारे 70 मीटर!

शिशाच्या नळ्यांवर कॅलिगुलाचं नाव होतं. मला मात्र खरी मौज वाटते ती लोखंडी नांगराची. त्यावर वजन कोरलं होतं, 1275 रोमन पौंड. काट्यावर भरलं 417 किलो. भागाकार करा, एक पौंड म्हणजे 327 ग्रॅम. गाळातून थेट रोमनांचं मापच हाती आलं.

पाण्याची पातळी सुमारे 20 मीटरने उतरली होती. एवढ्या पाण्याचा भार तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर 20 टन असतो. तो काढून घेतला, पण खालच्या चिखलात कोंडलेल्या पाण्याचा दाब काही लगेच उतरत नाही. 21 ऑगस्ट 1931 रोजी तळ फुटला. सुमारे 5 लाख घनमीटर चिखल उसळून वर आला. पंप काही काळ थांबले.

लाकडाचं दुखणं वेगळंच. गाळात ऑक्सिजन जवळपास नसतो, म्हणून ते कुजलं नव्हतं. तरी इतक्या काळात त्यातलं सेल्युलोज हळूहळू झिजतं आणि रिकाम्या जागी पाणी भरतं. लाकडाचा आकार टिकतो तो त्या पाण्याच्या आधारावर. हवेत आणलं की पाणी उडून जाताना कमकुवत पेशीभित्ती आत ओढतं. लाकूड आक्रसतं, तडकतं. स्वीडनने 1961 मध्ये ‘वासा’ जहाज वर काढलं तेव्हा पाण्याची जागा घेणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉल त्यावर 17 वर्षं फवारलं. नेमीच्या वेळी हा उपाय कोणाला ठाऊक नव्हता, आणि मुसोलिनीला थांबायला सवड होती असंही दिसत नाही.

1936 मध्ये इथिओपिया जिंकून त्याने साम्राज्य परतल्याची घोषणाही केली. जहाजांसाठी काठावर बांधलेलं संग्रहालय 1940 मध्ये उघडलं. 31 मे 1944 च्या रात्री त्याला आग लागली. ती जर्मन सैनिकांनी लावली की तोफगोळ्यांनी लागली, यावर अजून वाद आहे. दोन्ही जहाजं जळाली. काशाच्या काही वस्तू रोममध्ये हलवल्यामुळे वाचल्या. संग्रहालयात आता एक-पंचमांश आकाराच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत.