अणुभट्टी म्हणजे आवरून धरलेला अणुबॉम्ब? थोडा खुलासा

एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: अणू फुटला की सगळे न्यूट्रॉन त्याच क्षणी बाहेर पडतात, म्हणून अणुभट्टी कधीही बॉम्बसारखी फुटू शकते. असं वाटणं साहजिक आहे, कारण शाळेतल्या आकृतीत तसंच दाखवतात.

पण युरेनियम-235 फुटल्यावर साधारण 0.65 टक्के न्यूट्रॉन उशिरा येतात. तुकड्यांपैकी एक ब्रोमीन-87 घ्या, याचं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय व्हायला लागणारा वेळ) सुमारे 55 सेकंद. बीटा क्षय (अणुकेंद्रातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडणं) झाला की तो क्रिप्टॉन-87 होतो आणि कधीकधी त्यात इतकी ऊर्जा उरते की एक न्यूट्रॉन लगेच बाहेर फेकला जातो, मागे राहतो क्रिप्टॉन-86. म्हणजे उशीर होतो तो बीटा क्षयाला, न्यूट्रॉनला नाही.

एवढ्याशा टक्क्याने काय होणार? कॅल्क्युलेटर घ्या. सगळे न्यूट्रॉन तत्काळ आले असते, एक पिढी (एका फुटीतल्या न्यूट्रॉननी पुढचे अणू फोडेपर्यंतचा टप्पा) सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात झाली असती आणि दर पिढीला फक्त 0.1 टक्का वाढ धरली, तर 1.001 चा 10000 वा घात, म्हणजे एका सेकंदात जवळपास 22000 पट! उशिरा येणाऱ्यांमुळे हाच वेग इतका मंदावतो की दुप्पट व्हायलाही काही सेकंद लागतात, कंट्रोल रॉड (न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या सळ्या) हलवायला तेवढा वेळ पुरतो.

शिवाय नेहमीच्या वीजभट्टीच्या इंधनात युरेनियम-235 असतं 3 ते 5 टक्के, त्याचा बॉम्ब होत नाही. (उष्णतेने, वाफेने अपघात होऊ शकतात, तो धोका खराच आहे, पण वेगळा.)

आणि पडताळा? भट्टी बंद केल्यावर न्यूट्रॉनचा काटा आधी झपकन पडतो, मग मात्र रेंगाळतो, शेवटी साधारण दर 80 सेकंदांनी एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो. ते रेंगाळणं ब्रोमीन-87 चंच.