पेंढ्यापासून बायोगॅस वाढवणाऱ्या कल्चरचं पेटंट: अर्ज नेमका कुठे अडकतो

भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट लवकर कुजवून जास्त गॅस देणारं कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जिवाणू, तयार झालं की पेटंटची घाई होते. फॉर्म १ (अर्ज) आणि फॉर्म २ (शोधाचं वर्णन) ऑनलाइन भरता येतात, त्यात काही विशेष नाही. चांगलं काम केलेले लोक अडकतात ते पुढच्या गोष्टींत.

आधी पात्रता. शेणात नुसता सापडलेला जिवाणू चालत नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(सी) लागतं, म्हणजे निसर्गात आधीच असलेला सजीव. चार जिवाणू एकत्र केले तर ३(ई), म्हणजे नुसतं मिश्रण. त्यामुळे प्रत्येक जिवाणू एकेकटा टाकून किती मिथेन आला, एकत्र टाकून किती, आणि काहीच न टाकता किती, हे आकडे एकाच पेंढ्यावर, एकाच तापमानाला घेतलेले पाहिजेत. नुसतं 'गॅस वाढला' लिहून काही होत नाही.

आता तो कागद जो कुणाकडेच नसतो: कल्चर जमा केल्याची पावती. कल्चर लोकांना मिळण्यासारखं नसेल आणि नुसतं लिहून पुरेसं सांगता येत नसेल तर ते बुडापेस्ट कराराखालच्या, म्हणजे पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करून घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत ठेवावं लागतं, आपल्याकडे चंदीगडचं एमटीसीसी, पुण्याचं एनसीएमआर वगैरे. लोक वाचतात 'तीन महिने' आणि निवांत बसतात, पण ते तीन महिने फक्त जमा क्रमांक अर्जात घालायला आहेत हो, कल्चर मात्र अर्जाच्या तारखेपर्यंत जमा झालेलं पाहिजे! त्यात मिथेन बनवणारे जीव ऑक्सिजन सहन करत नाहीत, बाटलीचं रबरी बूच जरा सैल राहिलं तरी संस्थेत पोचेपर्यंत मेलेले असतात आणि जिवंतपणाच्या चाचणीत नापास होतात. म्हणून ऑक्सिजनशिवाय वाढणारं किंवा मिश्र कल्चर घेता का हे आधी विचारा, आणि नमुना बराच आधी पाठवा.

जिवाणू भारतातला असेल तर अर्जात तो कुठून घेतला ते लिहायचं, आणि पेटंट मिळण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची. २०२४ पासून भारतीय अर्जदाराला या टप्प्यावर नोंदणी पुरते, पण माल बाजारात आणताना प्राधिकरणाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. हे दोन वेगळे कागद आहेत हे कुणी धड सांगत नाही, याचा खरंच राग येतो.

आणि फॉर्म १८, परीक्षणाची विनंती. जुन्या माहितीत ४८ महिने दिसतील, पण १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ३१ महिनेच आहेत, ही मुदत चुकली की अर्ज मागे घेतला असं धरतात.