शीग लावून एक वाटी

गणपतीच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. "मावशी, मोदकाची पारी फुटतेय गं. सगळं ग्रॅमवर मोजून घेतलंय, तरी कळ्या पाडताना चिरा पडतायत."

तिला मीच सांगितलं होतं, एक वाटी पिठी, एक वाटी पाणी. कुडाळच्या माझ्या स्वयंपाकघरात हे प्रमाण वर्षानुवर्षं चालत आलंय. तिनं नवा वजनकाटा काढला आणि 200 ग्रॅम पिठीला 200 मिली पाणी घातलं. काटा बरोबर होता. चूक झाली वाटीचं ग्रॅममध्ये रूपांतर करताना.

वाटी जागा मोजते, काटा वस्तुमान मोजतो. पाण्याच्या बाबतीत दोन्ही आकडे एकच येतात, 200 मिली पाणी म्हणजे जवळजवळ 200 ग्रॅम. तांदळाच्या पिठीचं तसं नाही. 200 मिलीच्या वाटीत ती साधारण 135 ग्रॅम मावते, कारण कणांच्या मधे भरपूर हवा असते. म्हणजे वाटीला वाटी या प्रमाणात पाणी वजनानं पिठीच्या जवळपास दीडपट पडतं. भाचीच्या 200 ग्रॅमना सुमारे 300 मिली पाणी लागत होतं. तेवढं नसेल तर उकळीला पिठीतला स्टार्च पुरता फुगत नाही, आणि न फुगलेली उकड ताणली की तुटते.

बरं, 135 हा आकडाही पक्का धरू नये. पिठी चाळून हलक्या हातानं भरली तर कमी भरते. डब्यात वाटी खुपसून दाबून घेतली तर वजन पाव हिश्शापर्यंत वाढू शकतं. बारीक कण एकमेकांना चिकटून कमानी धरतात आणि त्या कमानींखाली हवा अडकते. वाटी आपटली की कमानी मोडतात, पीठ खाली बसतं. त्यात आपल्याकडचा पावसाळा. भाद्रपदात पिठी हवेतली ओल धरते, तेव्हा तिचं तिचं पाणी आधीच थोडं जास्त असतं. म्हणून जाणत्या बायका उकडीत शेवटचं पाणी हात लावून घालतात.

मापात 'कसं भरलं' हे 'किती मोठं भांडं' याइतकंच महत्त्वाचं असतं, हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. आपण म्हणतो, उत्सुकता शिगेला पोहोचली. शीग म्हणजे पायलीच्या, धान्य मोजायच्या जुन्या मापाच्या, काठावर उभी राहणारी धान्याची रास. धान्य ओतत गेलं की ठरावीक उतार होईपर्यंतच ती रास टिकते, पुढचे दाणे घसरतात. सुक्या धान्याचा हा उतार साधारण 30 अंशांच्या आसपास असतो. आता एक लिटरची दोन गोल मापं घ्या. एकाचं तोंड 8 सेंटीमीटर रुंद, दुसऱ्याचं 12. दोन्ही सपाट भरली तर धान्य सारखंच. शीग लावली की अरुंद मापावर जेमतेम 40 मिली धान्य जादा बसतं, रुंद मापावर मात्र 130 मिली! तोंड दीडपट, शीग सव्वातीनपटीहून जास्त, कारण शीग रुंदीच्या घनानं वाढते. पसरट वाटी आणि उभा पेला 'भरून' घेताना हाच फरक पडतो. कृती लिहिणाऱ्यांनी सपाट की शिगेची, एवढं तरी लिहायलाच हवं.

जुनी मापं मला फार आवडतात. निठवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे 64 निठव्यांची एक पायली. निम्मं करायला ना काटा लागतो ना आकडेमोड. पण ही सगळी जागेची मापं. एकाच पायलीत तांदूळ मोजला आणि भात (शिजलेला नव्हे, टरफलासकटचा) मोजला, तर भाताचं वजन तांदळाच्या दोन तृतीयांश ते पाऊणपटच भरतं. वजनाचा शेर आणखी निराळा, 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. 1956 च्या कायद्यानं आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून लागू होत गेलेल्या मेट्रिक पद्धतीनं बाजारातून हे सारं गेलं, पण घरातल्या कृतींमध्ये वाटी राहिली.

परदेशी कृतींचं गणित त्या मानानं सोपं आहे. अमेरिकेचा कप सुमारे 240 मिली, ऑस्ट्रेलियाचा 250, जपानचा 200. छोटा चमचा 5 मिली, मोठा 15. ऑस्ट्रेलियात मोठा 20.

खरा घोळ मिठाचा. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा साधारण 6 ग्रॅम भरतो. खडेमिठाचे स्फटिक वेडेवाकडे, त्यांच्यात पोकळ्या मोठ्या. शिवाय चमचा लहान आणि खडा मोठा असला की काठाशी, कोपऱ्यात खडा बसतच नाही, म्हणून तोच चमचा बराच हलका राहतो. 1930 च्या सत्याग्रहानं गाजलेल्या शिरोड्याच्या मिठागरांतल्यासारखं जाडं मीठ घरात असेल, तर चमच्याला चमचा बदलू नका. आमटीत नंतर चिमूटभर घालता येतं. कैरीच्या लोणच्यात मीठ कमी पडलं तर बरणीच जाते. तिथं वजन करावंच.

पंगतीच्या भाताचं आणखी वेगळं. तांदूळ दुप्पट घेतला म्हणून पाणी दुप्पट लागत नाही. दाणा पितो ते पाणी तांदळाच्या हिशेबानं वाढतं, पण वाफ होऊन जातं ते टोपाच्या तोंडावर, आचेवर आणि वेळेवर ठरतं. टोप तोच असेल तर वाफेचा वाटा फारसा बदलत नाही. तांदळावर बोटाचं एक पेर पाणी ठेवायची आजीची रीत म्हणूनच टिकली. दाण्यांमधल्या फटी भरणारं पाणी तांदळाबरोबर आपोआप वाढतं, वरचं पेर तेवढंच राहतं. उकड्या तांदळाला मात्र पाणी जास्त लागतं.

भाचीला मी फोनवरच सांगितलं, रिकामी वाटी काट्यावर ठेव, शून्य कर, काठोकाठ पाणी भर. येईल तो आकडा तिच्या वाटीचे मिलीलीटर. मग वाटी कोरडी करून पिठी चाळून भर, सुरीच्या पाठीनं सपाट कर, पुन्हा वजन घे. तिची वाटी 160 मिलीची निघाली. दोन्ही आकडे तिनं पिठीच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवले, आणि दुसरी उकड काढायला घेतली.