उपसा किती, खप किती: ठिबकाखालच्या उसाचा पाणी-वीज हिशेब

ठिबक बसवलं की निम्मं पाणी वाचतं, असं बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-रायबागपासून अथणीपर्यंत सगळे धरून चालतात. मोटारीच्या तासांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण मोटार कमी चालली म्हणून शेजारच्या विहिरीचं पाणी वाढेल किंवा मे महिन्यात ओढा वाहता राहील, याची काही खात्री नाही; कित्येकदा उलटंच होतं. कारण दोन वेगळे आकडे आपण एकच समजतो. एक उपसा, दुसरा खप.

उपसा म्हणजे नदी, विहीर, बोअर किंवा कालव्यातून आपण उचललेलं एकूण पाणी. त्यातलं जे पिकाच्या पानांतून आणि ओल्या मातीवरून वाफ होऊन उडालं, तो खप. खारं किंवा घाण होऊन पुन्हा वापरता येणार नाही असं पाणीही खपातच धरायचं. राहिलेलं मुरून किंवा वाहून आसपास परत येतं, ते परतीचं पाणी. उपशाचा संबंध मोटारीशी आणि विजेशी. खपाचा संबंध भूजलाशी, नदीशी आणि खालच्या अंगाच्या गावाशी. 2011 साली जर्मनीत बॉन इथे झालेल्या परिषदेपासून पाणी, ऊर्जा आणि अन्न यांचं नियोजन एकत्र करण्याचा विचार जगभर पुढे आला, निसर्गही त्यात जोडला गेला. पण शिवारात उतरताना हे दोन आकडे वेगळे ठेवले नाहीत, तर सगळं नियोजन पहिल्याच पायरीवर चुकतं.

आता एक एकर ऊस घेऊ. उन्हाळा, पीक पूर्ण वाढलेलं, पानांनी सरी झाकलेली. पीक आणि माती मिळून दिवसाला 6 मिलिमीटर पाणी उडतं असं धरू. एका एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे 4,047 लिटर. दहा दिवसांत 60 मिलिमीटर, म्हणजे साधारण 2.43 लाख लिटर खप.

पाटाने भिजवताना दहा दिवसांची पाळी, म्हणजे एका खेपेचं पाणी, 10 सेंटिमीटरची बसली, तर उपसा 4.05 लाख लिटर. खप 2.43 लाख, राहिलेलं 1.62 लाख लिटर मुरलं किंवा बांधाबाहेर गेलं. ठिबकावर 90 टक्के कार्यक्षमता धरली, तर त्याच दहा दिवसांना 2.7 लाख लिटर उपसा पुरतो. खप तोच, 2.43 लाख. वाफ होण्याचं प्रमाण ऊन, वारा आणि पानांचा पसारा ठरवतो. पाणी कुठल्या नळीतून आलं याने सरी झाकलेल्या उसात फारसा फरक पडत नाही. म्हणजे उपसा 1.35 लाखाने घटला आणि परतीचं पाणीही तेवढंच घटलं.

खरी गोष्ट इथून पुढे. वाचलेल्या 1.35 लाख लिटरवर आणखी अर्धा एकर ऊस ठिबकाखाली बसतो, आणि शेतकरी तो लावतोच. त्यात त्याची काहीच चूक नाही. आता उपसा पुन्हा 4.05 लाख, पूर्वीइतकाच. पण खप दीड एकराचा, 3.64 लाख. परतीचं पाणी 1.62 लाखावरून 41 हजारांवर आलं. मोटारीचे तास तेवढेच, विहीर तीच, आणि खालच्या अंगाच्या विहिरीचा झरा आटला. कागदावर मात्र हे सगळं क्षेत्र 'पाणी बचतीखाली' मोजलं जातं.

हे परतीचं पाणी कुठे जातं, यावर ठिबकाचा फायदा-तोटा ठरतो, आणि बेळगाव जिल्ह्यात तो तालुक्यागणिक बदलतो. खानापूर आणि हुक्केरीच्या उताराच्या, मुरमाड रानात मुरलेलं पाणी खालच्या विहिरीत, ओढ्यात उतरतं. तिथे पाझर म्हणजे कुणाचं तरी पाणी आहे. कृष्णाकाठच्या खोल काळ्या जमिनीत, अथणी, कागवाड, रायबागच्या पट्ट्यात, तेच पाणी निचऱ्याअभावी साचतं, पातळी मुळांपर्यंत चढते, वर क्षार येतात आणि रान क्षारपड होतं. त्या पाण्याला परतीचं म्हणता येत नाही, ते खपातच धरायला हवं. म्हणून कागवाडच्या क्षारपडीला लागलेल्या रानात ठिबक ही खरी बचत आहे. खानापूरच्या उतारावर क्षेत्र वाढवून केलेलं ठिबक बहुधा शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी घेतं. एकच अनुदान, एकच संच, परिणाम दोन.

क्षारांच्या भागात एक पथ्य पाळावं लागतं. बोअरचं पाणी मचूळ असेल, तर ठिबकाच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला क्षार गोळा होतात. अथणीकडे वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. अवर्षणाच्या साली तो क्षार धुऊन नेण्यास पुरत नाही. अशा साली एक भरपूर पाणी मुद्दाम द्यावं लागतं, आणि तेही निचरा असेल तरच. निचरा नसलेल्या रानात आधी जमिनीखाली निचऱ्याचे सच्छिद्र पाइप घालायचे, मग ठिबक. उलट क्रमाने पैसे वाया जातात.

विजेचा हिशेब यापेक्षाही फसवा आहे. हजार लिटर पाणी 100 मीटर उचलायला तत्त्वतः 0.27 युनिट लागतं. मोटार आणि पंप मिळून 40 टक्के कार्यक्षमता धरली, तर 0.68 युनिट. ठिबकाला फिल्टर आणि नळ्यांचा दाब मिळून साधारण 20 मीटर जादा उंचीइतकं बळ लागतं. आता दोन ठिकाणं पाहा. नदीकाठची विहीर, एकूण उचल 12 मीटर: पाटाने 4.05 लाख लिटरला 33 युनिट, ठिबकाने 2.7 लाख लिटरला (उचल 32 मीटर) 59 युनिट. पाणी एक तृतीयांश कमी, वीज पाऊणपट जास्त. दुसरीकडे 100 मीटर उचलीचा बोअर: पाटाने 276 युनिट, ठिबकाने (120 मीटर) 221. इथे वीज खरोखर वाचते. म्हणजे दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर ठिबकाचं समर्थन विजेच्या बचतीवर करू नये; तिथे ते खताच्या बचतीवर आणि नदीत उतरणारं नत्र कमी होण्यावर करावं, जे पुरेसं मोठं कारण आहे.

कर्नाटकात 10 हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल शेतकऱ्याला भरावं लागत नाही, हेस्कॉम या वीज कंपनीला ते पैसे सरकार देतं. त्यामुळे वरचे 33 आणि 59 शेतकऱ्याच्या खिशात दिसतच नाहीत. मोटारीला लागणारी थ्री फेज वीज मोजकेच तास, कधी रात्री. म्हणून ऑटो स्टार्टर लावून ठेवतात, वीज आली की मोटार सुरू, रान भिजलेलं असो वा नसो. इथे उपसा गरजेने ठरत नाही, फेजच्या वेळेने ठरतो. सौरपंपाने ही ऊर्जा स्वच्छ होते आणि दिवसा मिळते, हे फार चांगलं. पण ऊन असेतोवर पाणी फुकट उचलता येत असल्याने खपाला लगाम राहत नाही. सौरपंप देताना क्षेत्राची अट घालणं किंवा जादा वीज ग्रिडसाठी विकत घेणं, यांपैकी एक जोडीला हवंच.

शेतीबाहेर हा फरक लगेच पटतो. हिडकल धरणाच्या पायथ्याच्या 32 मेगावॉटच्या वीजघरातून जाणारं पाणी जवळपास सगळंच खाली घटप्रभेत येतं. वापर प्रचंड, खप जवळपास शून्य. बेळगाव शहर राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचं पाणी घेतं, त्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन बळ्ळारी नाल्यात उतरतं. तिथे प्रश्न प्रमाणाचा कमी, शुद्धतेचा जास्त: वडगाव-येळ्ळूरच्या शिवाराला ते पाणी घाण होऊन मिळतं.

मग खप कमी कशाने होतो? तीनच वाटा आहेत. पहिली, मातीवरून उडणारं पाणी अडवणं. लागणीनंतरचे तीन-चार महिने, ऊस सरी झाकेपर्यंत, उघड्या ओल्या मातीवरून होणारं बाष्पीभवन मोठं असतं, आणि त्या काळात ठिबक खरोखर खप घटवतं, कारण ते पट्टाच भिजवतं. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसात, पाचट (वाळलेली पानं) न जाळता सरीत अंथरलं तर हीच बचत फुकटात होते. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकून ते ओलं करायचं आणि पायाने दाबत जायचं. युरिया न टाकता नुसतं पाचट पसरलं, तर कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात, खोडवा पिवळा पडतो आणि पुढच्या साली शेतकरी पुन्हा काडी लावतो.

दुसरी वाट पिकाची. बाराही महिने शेतात उभ्या असलेल्या उसाऐवजी सोयाबीन आणि त्यावर हरभरा किंवा शाळू घेतला, तर उन्हाळ्यातला सगळा खप टळतो. हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, कारण उसाला कारखान्याचा ठराविक दर आणि हमखास उचल आहे, हरभऱ्याला ती नाही. ती हमी मिळेपर्यंत शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिसरी वाट, क्षेत्र न वाढवणं. ठिबकाने वाचलेलं पाणी जागेवर सोडायचं असेल, तर गावाने मिळून ठरवावं लागतं. एकट्याने सोडलेलं पाणी शेजारचा बोअर ओढतो.

मोजणी कशी करायची ते आता. उपशासाठी दोनशे लिटरचं बॅरल मोटारीच्या नळाखाली ठेवून भरायला किती सेकंद लागतात ते तीन वेळा पाहा, सरासरी काढा, 7,20,000 ला त्या सेकंदांनी भागून ताशी लिटर काढा आणि मोटारीच्या तासांनी गुणा. 50 मीटर एकूण उचलीवर 5 हॉर्सपॉवरची चांगली मोटार ताशी 16 हजार लिटरच्या आसपास देते. फार कमी निघालं, तर पंपाचा इंपेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) झिजलाय किंवा सक्शनला हवा घेतेय. पाणी मुळांखाली जातंय का, हे पाळीनंतर दोन दिवसांनी माती काढायच्या गिरमिटाने तीन फूट खोल पाहून कळतं: उसाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात, तिसऱ्या फुटातली माती चिखलासारखी दाबली जात असेल तर पाळी जास्त झाली. ठिबकात फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला की फिल्टर धुवायचा, आणि आठवड्यातून एकदा नळ्यांची शेवटची टोकं उघडून गाळ जाऊ द्यायचा. हे न केल्यास शेवटचे ड्रिपर बंद पडतात, तिथला ऊस वाळतो आणि सगळ्या रानाला तास वाढवून दिले जातात.

खप शेतात थेट मोजता येत नाही, पण गावात तो दिसतो. खुणेच्या चार-पाच विहिरी निवडा, काही वरच्या अंगाच्या, काही ओढ्याजवळच्या. दिवाळीनंतर एकदा आणि मेअखेर एकदा काठावरच्या त्याच खुणेपासून टेपने पाण्याची खोली घ्या. आदल्या रात्रीपासून मोटार बंद हवी, नाहीतर आकडा चुकतो. नुसती पातळी पावसाप्रमाणे बदलते, म्हणून दोन मोजण्यांमधली घट पाहायची. मोटारीचे तास सारखेच राहून ही घट वर्षागणिक वाढत असेल, तर ठिबकाखालचं क्षेत्र गावाच्या पाण्यापेक्षा पुढे गेलं आहे, आणि पुढच्या लागणीआधी क्षेत्र ठरवायची बैठक त्याच आकड्यांवर घ्यायची.