शॉवरमागची तार किती जाड हवी?

ब्रिटनमधल्या पुष्कळ फ्लॅटांच्या बाथरूममध्ये भिंतीवर एक पांढरी पेटी असते आणि छतातून एक दोरी लोंबत असते. दोरी ओढायची, बटण दाबायचं. नळाचं गार पाणी पेटीत शिरतं आणि गरम होऊन लगेच अंगावर येतं. टाकी नाही, पाणी तापायची वाट बघणं नाही. हा इलेक्ट्रिक शॉवर. तिकडे नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला तो आपल्या गीझरचाच भाऊ वाटतो. पण आपला साठवणीचा गीझर साधारण २ किलोवॅटचा असतो आणि इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा. हा शॉवर मात्र ७.५ ते १०.८ किलोवॅट खातो.

एवढी वीज लागते ती तिथल्या पाण्यामुळे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते, मग पाणी मुळा-मुठेचं असो की थेम्सचं. मुंबईत नळाचं पाणी २५ अंशांच्या आसपास येतं, ते ४० पर्यंत न्यायचं म्हणजे १५ अंशांची चढण. ३ किलोवॅटमध्ये मिनिटाला जवळजवळ ३ लिटर मिळतात. लंडनच्या हिवाळ्यात पाणी ५ अंशांवर येतं असं धरलं, तर चढण ३५ अंशांची होते. मग ९.५ किलोवॅटचा शॉवरसुद्धा मिनिटाला जेमतेम ३.९ लिटर देतो. उन्हाळ्यात तोच ६ लिटरच्या पुढे जातो. ‘थंडीत शॉवरची धार बारीक का होते?’ या तक्रारीचं उत्तर एवढंच आहे, प्लंबर बोलवायची गरज नाही.

आता करंट. समजा, शॉवर १०.५ किलोवॅटचा घेतला. खोक्यावरचा हा आकडा २४० व्होल्ट धरून छापलेला असतो, म्हणजे सुमारे ४४ अँपिअर. ब्रिटनचा अधिकृत दाब आता २३० व्होल्ट आहे. त्या दाबावर हाच शॉवर ९.६ किलोवॅट देतो आणि ४२ अँपिअर ओढतो. तार निवडताना मात्र मोठा आकडा धरावा, कारण प्रत्यक्षात दाब २५३ व्होल्टपर्यंत चढलेला चालतो आणि तेव्हा करंट ४६ अँपिअरपर्यंत जातो.

तारेतून करंट गेला की तार तापते. किती तापते याचा नियम जेम्स ज्यूलने १८४१ साली मांडला. मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डचा हा माणूस बिअर बनवणाऱ्या घरातला. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने दाखवलं. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट. हा ‘वर्ग’ लक्षात ठेवावा, पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळे होतो.

तारेचं पीव्हीसी आवरण कायम सोसू शकतं ते ७० अंशांपर्यंत. तेव्हा ‘६ स्क्वेअरची (म्हणजे तांब्याचा छेद ६ चौरस मिलिमीटर असलेली) तार किती अँपिअर झेलते?’ हा प्रश्न खरं तर असा विचारायला हवा : किती करंट गेला म्हणजे तारेत निर्माण होणारी उष्णता आणि तिच्यातून बाहेर पडणारी उष्णता ७० अंशांवर सारखी होईल? यातली ‘बाहेर पडणारी’ उष्णता तार कुठे ठेवली आहे यावर ठरते. म्हणूनच ब्रिटनच्या वायरिंग नियमांत, म्हणजे बीएस ७६७१ मध्ये, एकाच तारेपुढे अनेक आकडे दिलेले आहेत. घरांत सर्रास वापरली जाणारी चपटी करडी केबल घ्या, ६ चौरस मिलिमीटरची. भिंतीवर उघडी ठोकली तर ४७ अँपिअर. घराची ऊब अडवणारं इन्सुलेशन भरलेल्या भिंतीतून नळीत घालून नेली तर ३२. छतावर १० सेंटिमीटरहून जाड इन्सुलेशनखाली गाडली तर २७. आणि पोकळ भिंतीतल्या इन्सुलेशनने चहूबाजूंनी वेढली तर २३.५, म्हणजे बरोबर निम्मी. तार तीच, तांबं तेवढंच. फक्त तिला गोधडीत गुंडाळलं.

त्या थंड देशात ऊब टिकवायला माळ्यावर २७ सेंटिमीटर जाडीचं इन्सुलेशन घालायचा सल्ला दिला जातो. बिल वाचवण्यासाठी घातलेला हा थर खालच्या केबलची ताकद गुपचूप काढून घेतो. वायरमनने वीस वर्षांपूर्वी केलेलं काम तेव्हा बरोबर होतं. नंतर कुणीतरी वर इन्सुलेशनची लोकर पसरली आणि ते चुकीचं ठरलं.

आकडेमोड करून बघू. खोलीचं तापमान ३० अंश धरलं, तर २७ अँपिअरला गाडलेली तार ७० अंशांवर पोचते, म्हणजे ४० अंशांनी चढते. तिच्यातून ४४ अँपिअर नेले तर वर्गाच्या नियमाने चढण १०६ अंशांची आणि तार १३६ अंशांवर. अर्थात शॉवर तासन्‌तास चालला तर. आंघोळ आटपते दहा मिनिटांत, आणि केबल पूर्ण तापायला त्याहून बराच वेळ लागतो. चुकीची तार वर्षानुवर्षं ‘काही होत नाही की’ म्हणत चालते ती यामुळे. मग कधीतरी सुट्टीत घर पाहुण्यांनी भरतं आणि एकामागून एक आंघोळी लागतात. तेव्हासुद्धा पीव्हीसी भसकन वितळत नाही. ते दर खेपेला थोडं कडक होतं, ठिसूळ होतं. आधी बहुधा दोरीच्या स्विचमधला एखादा सैल स्क्रू करपतो, आणि वास आल्यावर माणसं वर बघतात.

जाड तार घ्यावी, हे उत्तर बरोबर आहे, पण त्यालाही एक मेख आहे. ६ वरून १० चौरस मिलिमीटरवर गेलं की तांबं १.६७ पट होतं. भिंतीवर उघडी ठोकलेल्या तारेची क्षमता मात्र ४७ वरून ६४ अँपिअरवर, म्हणजे १.३६ पटच जाते. तारेच्या पोटातलं तांबं जेवढं वाढतं तेवढा उष्णता सोडणारा पृष्ठभाग वाढत नाही. जाड इन्सुलेशनखाली तर १० स्क्वेअरचीही क्षमता ३६ वरच अडते, ४४ अँपिअरच्या शॉवरला तीही अपुरी. तिथे केबलचा मार्ग बदलणं हाच शहाणपणा. लांबीमुळे दाब पडतो त्याचा फार बाऊ करायला नको : १५ मीटर, ४४ अँपिअर, ६ स्क्वेअर, तर घट सुमारे ४.८ व्होल्ट, मर्यादा ११.५ व्होल्टची आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती जुना शॉवर बदलताना. १९८० च्या दशकातला ७ किलोवॅटचा शॉवर २९ अँपिअर ओढायचा. त्याच्या जागी, त्याच स्क्रूंवर, १०.५ चा नवा बसतो. पेटी त्याच मापाची असल्याने मनात शंकाही येत नाही. करंट दीडपट, तारेतली उष्णता सव्वादोनपट. मग जुना ब्रेकर पडायला लागतो आणि कुणीतरी ‘ब्रेकर मोठा टाकू’ म्हणतं. ब्रेकर तारेला राखायला असतो, शॉवरला नव्हे. ४० अँपिअरचा एमसीबी (म्हणजे हाच ब्रेकर) ५८ अँपिअरवर पडायलासुद्धा तासभर घेऊ शकतो; तेव्हा ब्रेकरचा आकडा शॉवरच्या करंटहून मोठा आणि ठेवल्या जागी तारेच्या क्षमतेहून लहान, असाच हवा. ४४ अँपिअरच्या शॉवरला ४५ चा. शिवाय गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीडी बाथरूमला बंधनकारकच आहे.

स्वतंत्र घरात गोष्ट बहुतेक इथे संपते. फ्लॅटमध्ये मात्र नवी केबल आपल्या वितरण पेटीपर्यंत आली, की तिच्या मागे दुसरी एक केबल असते : तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीतून वर आलेली, इमारत बांधली तेव्हा घातलेली. तिच्या मुळाशी मुख्य फ्यूज असतो, ६०, ८० किंवा १०० अँपिअरचा. तो वीज वितरण कंपनीचा. त्याला आपण हात लावायचा नाही. शॉवरचे ४४, शेगडी-ओव्हनचे (सगळं एकदम पूर्ण चालत नाही म्हणून ४३ ऐवजी) २०, पाण्याच्या टाकीतल्या हीटरचे १३, आणि प्लगांसाठी ३२. बेरीज १०९. ६० च्या फ्यूजवर हे बसत नाही, आणि नवीकोरी १० स्क्वेअरची केबल टाकूनही बसत नाही. फ्यूज मोठा करून द्या म्हणावं, तर वर येणारी जुनी केबल तो सोसेल का, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी वितरण कंपनीला आणि इमारतीच्या मालकाला पत्र लिहिणं आलं. भाडेकरूने तर मालकाच्या परवानगीशिवाय स्क्रूही फिरवू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये शॉवरसाठी नवं सर्किट टाकणं हे २००५ पासून इमारत नियमांखाली कळवण्याचं काम आहे. नोंदणीकृत वायरमन असेल तर तोच ते कळवतो आणि चाचणीचं प्रमाणपत्र देतो.

पत्रव्यवहाराला महिने लागणार असतील, तर लहान शॉवरचा विचार करून बघावा. ५ अंशांच्या पाण्यावर १०.५ किलोवॅटचा शॉवर मिनिटाला ४.३ लिटर देतो आणि ८.५ चा ३.५. फरक सुमारे ०.८ लिटरचा. करंट मात्र ४४ वरून ३५ वर येतो, आणि ४० चा ब्रेकर चालतो.