इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग खरंच 'लॉक' होतं का?

पावसाळा आला की व्हॉट्सअपवर तो मेसेज परत फिरायला लागतो, की इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाली गाडी घेऊ नका, घाटात चालता चालता लॉक होते. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला आणि खाली लगेच 'अगदी बरोबर, आमच्या ओळखीत पण झालं' सुरू झालं. ताम्हिणीला, वरंध्याला जाणारी माणसं हे वाचून घाबरतात म्हणून जरा नीट लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या हातातलं चाक आणि पुढची टायरं यांच्यामध्ये आजही जवळपास सगळ्या गाड्यांत लोखंडच आहे. शाफ्ट, पिनियन, रॅक, टाय रॉड, सगळं एकमेकांना जोडलेलं. इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर फक्त जोर लावायला मदत करते. ती बंद पडली तर स्टिअरिंग जड होतं, पार्किंगमध्ये तर भयंकर जड, पण गाडी वळते. वेगात असताना मुळात मदत कमीच दिलेली असते त्यामुळे तिथे फरकही कमी जाणवतो. खरं लॉक होतं ते किल्ली बंद करून काढल्यावर, चोरी होऊ नये म्हणून दिलेल्या लॉकमुळे. म्हणून उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं हा जिवाशी खेळ आहे, कारण तेव्हा स्टिअरिंगची मदत जाते, थोड्या वेळात ब्रेकचीही जाते आणि चुकून किल्ली आणखी मागे फिरून निघाली तर चाक खरोखर अडकतं.

आता माझा आवडता भाग. मोटरला कसं कळतं की किती जोर लावायचा? स्टिअरिंगच्या शाफ्टमध्ये एका ठिकाणी पेन्सिलीएवढी बारीक पोलादी सळई असते, टॉर्शन बार. तुम्ही चाक फिरवता, टायर रस्त्याला धरून बसलेलं असतं, मग ही सळई मधल्या मधे किंचित पिळली जाते, फार तर दोन-चार अंश. तेवढा पीळ सेन्सर मोजतो, कंप्युटर त्यात गाडीचा वेग मिसळतो आणि मोटरला करंट सोडतो. पीळ कमी झाला की मदत कमी. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्येही अशीच सळई होती, ती तेलाचा व्हॉल्व्ह उघडायची.

आणि यातली कमाल पुढे आहे. सेन्सर एकच ठेवला आणि तो बिघडला तर मोटर भलतीकडेच ओढेल. म्हणून सिग्नल दोन घेतात. बऱ्याच गाड्यांत चाक सरळ असताना दोन्ही २.५ व्होल्ट दाखवतात, डावीउजवीकडे पीळ पडला की एक जेवढा वर जातो तेवढाच दुसरा खाली येतो, म्हणजे बेरीज कायम ५. एक ३.१ तर दुसरा १.९ असायलाच हवा. बेरीज चुकली की कंप्युटर सरळ मदत काढून घेतो आणि डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लावतो. म्हणजे लोक ज्याला 'फेल झालं' म्हणतात ते बहुतेक वेळा सिस्टीमने शंका आली म्हणून मुद्दाम घेतलेली माघार असते, आणि मला हे डिझाइन फार शहाणपणाचं वाटतं. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग पहिल्यांदा आलं, म्हणजे काल-परवाचा प्रयोग नाही.

मग दिवा पावसातच का लागतो? विचार करा, संध्याकाळी पुण्यात सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये उभे आहात, वायपर, हेडलाइट, एसी, रेडिएटरचा पंखा सगळं चालू, इंजिन आयडलवर म्हणून अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) पुरेसा करंट देत नाही, आणि तुम्ही जागेवर चाक पूर्ण फिरवता. छोट्या गाडीतसुद्धा मोटर त्या क्षणी ५०-६० अँपिअर मागू शकते. बॅटरीच्या टर्मिनलवर ती पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असेल आणि तिथे फक्त ०.०२ ओहम रेझिस्टन्स वाढला असेल तर ६० अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, स्टिअरिंगला व्होल्टेज कमी पडतं आणि दिवा लागतो. ५ अँपिअरला मात्र ०.१ व्होल्ट, म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीची बॅटरी चेक केली की सगळं छान दिसतं आणि रस्त्यात परत तेच.

म्हणून तपासायचं ते लोड असताना. इंजिन चालू, मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बॉडीच्या कोऱ्या पत्र्याला, आणि कोणाला तरी चाक फिरवायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची वायर आणि तिचा बोल्ट आधी साफ करा.

दिवा लागल्यावर नजर लागली म्हणून लिंबू बांधून तसंच चालवत राहणारे लोक बघितलेत आणि वाईट वाटतं, कारण बरेचदा काम बॅटरी-टर्मिनलचंच निघतं. तसंच 'स्टिअरिंग ऑइल बदलून घ्या' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, पूर्ण इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये बदलायचं तेलच नसतं.

बाकी चाक शेवटपर्यंत फिरवून दाबून धरू नका, मोटर तापते आणि स्वतःला वाचवायला मदत कमी करते, थंड झाली की परत नॉर्मल. टायरमध्ये हवा कमी असेल तरी तिच्यावर ताण येतो. खड्ड्यातून आदळल्यावर अलाइनमेंट बघा आणि रॅकचे रबरी बूट फाटले नाहीत ना तेही, पाणी आत गेलं की गंज. चाक हलवताना कट-कट आवाज येत असेल तर काही मॉडेल्समध्ये मोटर आणि वर्म गिअरच्या मधला छोटा रबरी कपलिंग झिजलेला असतो. तो सुटाही मिळू शकतो, त्यामुळे अख्खा कॉलम (चाकाखालचा दांडा, मोटरसकट) बदलायला हो म्हणायच्या आधी मेकॅनिकला तेवढं विचारा, नाहीतर पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, एक चक्कर मारा.