अतिलघु अण्वस्त्र

अतिलघु अण्वस्त्र : स्फोटक्षमता किलोटनांऐवजी (हजार टन टीएनटी या स्फोटकाऐवजी) टनांत मोजावी लागते असे, माणसाला उचलून नेता येण्याजोगे अण्वस्त्र. व्याख्या सर्वमान्य नाही. एक किलोटनाखालचे प्रत्येक अस्त्र काही लेखक याच सदरात घालतात. येथे संकुचित अर्थ घेतला आहे.

सैन्यात प्रत्यक्ष दाखल झालेल्यांत अमेरिकेचे ‘डेव्ही क्रॉकेट’ सर्वांत लहानांपैकी गणले जाते. त्याचे स्फोटशीर्ष सुमारे 23 किग्रॅ. वजनाचे होते. नेव्हाडातील 17 जुलै 1962 च्या चाचणीत स्फोट सुमारे 18 टन टीएनटीइतका भरला. वस्तुमान याहून फार घटवता येत नाही; भंजनक्षम पदार्थाचा गोळा जितका लहान, तितके पृष्ठभागातून निसटणारे न्यूट्रॉन अधिक, आणि शृंखला विक्रिया (एका अणुकेंद्राच्या फुटण्यातून पुढची फुटत जाणे) विझते.

बंदुकीच्या गोळीएवढ्या अणुबाँबच्या चर्चेत कॅलिफोर्नियम या कृत्रिम किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे नाव हटकून निघते. कॅलिफोर्नियम-252 या त्याच्या प्रकाराचे (समस्थानिकाचे) अर्धायुष्य, म्हणजे निम्मा पदार्थ झिजण्याचा काळ, सुमारे 2.6 वर्षे, त्याचा एक ग्रॅम सेकंदाला दोन लाख कोटींहून अधिक न्यूट्रॉन सोडतो, शिवाय स्वतः तापत राहतो. निर्मिती मिलिग्रॅमांत होते. साठवणीतच झिजणाऱ्या अशा पदार्थाचे अस्त्र कल्पनेपुरतेच मानावे.

अधिक वाद हाफ्नियम-178 या धातूच्या ‘एम2’ या उत्तेजित अवस्थेवरून झाला. येथे भंजन (अणुकेंद्र फुटणे) नाही. अणुकेंद्रात अडकलेली 2.446 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने सुटते. अर्धायुष्य 31 वर्षे. हिशेबाने एका ग्रॅममध्ये सुमारे 1.3 अब्ज जूल, म्हणजे साधारण 300 किग्रॅ. टीएनटीइतकी ऊर्जा साठलेली असते. प्रश्न ती हवी तेव्हा सोडवण्याचा. टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस शाखेतील कार्ल कॉलिन्स यांच्या गटाने 1999 मध्ये दंतवैद्यकातील क्ष-किरण यंत्र वापरून हा ऱ्हास सुमारे 4 टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध केले. नमुना ग्रॅमच्या पन्नास लाखाव्या भागाएवढा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे 4 टक्के किती नाजूक मोजमाप आहे ते कळते. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत कितीतरी प्रखर क्ष-किरणांखाली 2001 मध्ये झालेल्या प्रयोगात हा परिणाम आढळला नाही; नंतरच्या तेथील फेरतपासणीतही नाही. कॉलिन्स यांनी दावा सोडला नाही, तथापि आर्गॉनचा निष्कर्ष अधिक ग्राह्य दिसतो. शिवाय परिणाम खरा धरला, तरी एका अणुकेंद्राच्या ऱ्हासातून शेजारच्या अणुकेंद्राचा ऱ्हास सुरू होत नाही. प्रत्येकाला बाहेरून वेगळी चालना द्यावी लागते.

अशा अस्त्रांसाठी उपयोगी म्हणून काळ्या बाजारात विकला जाणारा ‘लाल पारा’ हा कथित पदार्थ फसवणुकीचाच प्रकार समजला जातो.